टॉन्सिलचा वॉर्ड

पाकिटावर लिहिलंय: उकळतं पाणी, मग गार पाणी,
मग फ्रिज.
एस्तेरबाई मध्ये एक गोष्ट करायच्या.
काचेचा पेला उन्हात धरायच्या,
लाल रंगातून खिडकीचे गज बघायच्या
आणि म्हणायच्या, थांब, अजून दाणा राहिलाय.

मी सात वर्षांची. परीक्षा नुकत्याच संपलेल्या.
मिरजेच्या दवाखान्यात आमची सहा खाटांची रांग,
सगळ्यांचे टॉन्सिल काढलेले,
सगळ्यांना एकच हुकूम: तीन दिवस बोलायचं नाही.
सहा गप्प मुलं पाहिलीयत कधी?
पंखा आमच्यापेक्षा जास्त बोलायचा.
स्टेशनातून बेळगावची गाडी शिट्टी मारत जायची,
तिला कुणी दटावायचं नाही.

दुपारी चारला ट्रॉली.
जर्मनच्या वाट्या, पोचे आलेल्या,
औषधांच्या फ्रिजमधून, लशींच्या शेजारून उठून आलेल्या.
आत रास्पबेरीची जेली,
जेलीच्या पोटात तासगावची द्राक्षं,
सोललेली.
हो, द्राक्षं सोलायच्या त्या, नखानं, एकेक,
साल घशाला लागू नये म्हणून.

वाटी हलवली की जेली थरथरते
हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं.
एकदा हलवली म्हणजे हो.
दोनदा, नाही.
बराच वेळ हलवत राहिलं
तर नर्सबाई येतायत, डोळे मिटा.

पाचव्या खाटेवर समडोळीचा बाबगोंडा.
त्याच्या वडिलांनी टोपी सारखी करत
हळूच विचारलं, बाई, हे थिजतं कशानं?
एस्तेरबाईंना खोटं बोलता आलं असतं.
म्हणाल्या, पाटील, हाडं नि कातडं उकळून
जे निघतं ना, त्यानं.
वडिलांनी वाटी परत ठेवली, जराही आवाज न करता,
जणू ती झोपलेली होती.
बाबगोंडाला रडायचीही बंदी.
नुसता नाक ओढत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातनं चायना ग्रास आणलं,
पदरचे पैसे घालून.
पातेलंही कोरं, बुडाचं लेबल न निघालेलं.
रंग तोच. द्राक्षं तीच.
पण हलेना.
चायना ग्रास गुमान थिजतं,
चमच्यानं तुटतं, थरथरत नाही.
बाबगोंडानं वाटी हलवली. मग जोरात हलवली.
त्याला हो म्हणायचंय की नाही, आम्हाला कळेना.
सहा जणांत तोच एक मुका.

तेव्हा तिसऱ्या खाटेवरची रेहाना उतरली,
अनवाणी,
आणि त्याच्या खाटेचा गज धरून हलवायला लागली.
लोखंडी खाट, चाकांची.
मग मी. मग उरलेले तिघं.
खाट हलली, बाबगोंडा हलला, वाटी हलली,
त्याचे गालसुद्धा हलले,
आणि तो हसला, चांगला आवाज करून.
नर्सबाई धावत आल्या, रक्त आलं म्हणून.
रक्त नव्हतं.
हनुवटीवर जेली होती.

आज सांगलीत, विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर
माझ्या ओट्यावर अकरा वाट्या.
संध्याकाळी नातवाच्या वर्गातली मुलं येतील.
कच्चं अननस घालू नये, जेली थिजतच नाही,
हे मी दोनदा फजिती होऊन शिकले.
द्राक्षं सोलत बसले तर सून म्हणते,
आई, अहो, बिनबियांची आहेत, राहू द्या.
मी तीनच सोलते. मग कंटाळते.
एस्तेरबाईंचा हात माझ्याकडे नाही.

पेला मात्र उन्हात धरते.
दोन वाट्या वेगळ्या, चायना ग्रासच्या,
ओळखायला त्यांच्या काठाला दोरा.
त्या हलणार नाहीत, ठाऊक आहे.
म्हणून सकाळीच
टेबलाच्या डुगडुगत्या पायाखालचा
पुठ्ठा मी काढून ठेवलाय.